पाण्याला विचारणारे वैदमामा

वैदमामा पाण्यात पाय टाकण्याआधी पाण्याला विचारायचे. खोटं सांगत नाही. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, खांद्यावर जाळं, आणि हा माणूस तलावाच्या काठावर उकिडवा बसून आधी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायचा, चूळ भरायचा आणि मग म्हणायचा, "उतरू का गा?" म्हणून झालं की थोडा वेळ थांबायचे. कोणाच्या दाराची कडी वाजवून आपण उभे राहतो ना, तसे. बाकीचे मच्छीमार तोवर डोंगा घेऊन अर्ध्या तलावात गेलेले असायचे.

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. एकदा त्यांच्या मागे मागे गेले आणि विचारलं, "अन् नाही म्हणलं तर, मामा?"

"तर परत जायचं. त्यात काय एवढं? घर त्याचं आहे, आपण पाव्हणे."

ते खरोखर परत जायचे. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जाळं खांद्यावर तसंच, आणि सकाळी सकाळी रिकामे घरी. मामी कपाळावर हात मारून घ्यायची. त्या वयात मला वाटायचं, जगात एवढा सरळ माणूस दुसरा नसेल. ह्या सरळ माणसाने आयुष्यात एकदा न विचारता पाऊल टाकलं, आणि नेमकं आम्हाला विचारलं नाही. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो बाहेर काढायलाच हे लिहायला बसले आहे.

आधी मी कोण ते सांगते. मी वनिता. नागपुरात मासे विकते. बी. ए. झालेली मासेवाली म्हणून गिऱ्हाइकं मला चिडवतात, मीही चिडवून घेते. आमचं गाव नागपूरहून एसटीनं दीड तासावर, भातशेतीच्या पट्ट्यात. आम्ही ढिवर, पिढीजात मासेमार. गावाला जुना मोठा तलाव, आणि त्या तलावावर आमच्या चाळीसेक घरांची मच्छीमार सोसायटी. वैदमामा माझे सख्खे मामा नव्हेत, ते सगळ्या गावाचेच मामा. औषधपाण्याशीही त्यांचा संबंध नव्हता. ते नाडी पाहायचे ती तलावाची.

ती पाहायची त्यांची रीत अशी. विचारून झालं की उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा आणि डोळे मिटायचे. बाळाला न्हाऊ घालताना आई पाणी कोपराने पाहते, अगदी तसंच. मग निकाल द्यायचे. "आज तलावाले कणकण आहे." "आज पोट जड आहे त्याचं, वास घेऊन पाह्य." "आज झकास आहे, चला." चौथी शिकलेला माणूस, पण पाणी गरम झालं की मासे कुठल्या बाजूला सरकतील आणि किती खोल जातील, हे त्यांचं कधी चुकलं नाही. तालुक्याहून मासेविभागाचा एक तरुण साहेब पाण्याचा ताप मोजायची काचेची नळी घेऊन यायचा. नळी बुडवण्याआधी तोही मामांकडे बघायचा. मामा आकडा सांगत नसत. "तुमच्या नळीले आकडा कळते साहेब, माह्या कोपराले स्वभाव कळते," म्हणायचे. साहेब हसायचा आणि वहीत आकडा लिहून घ्यायचा.

तलावाच्या मधोमध एक डोह आहे. उन्हाळ्यात तलाव आटत आटत शेवटी एवढाच उरतो. त्या डोहाच्या कडेला एक बांबू रोवलेला असतो, वर लाल चिंधी. बांबूच्या पलीकडे जाळं टाकायचं नाही, हा आमचा पिढ्यानपिढ्यांचा नियम. डोहात जुन्या मरळी राहतात, हाताएवढ्या जाड. पावसाळ्यात त्या पिल्लं घालतात. पिल्लांचा लालसर गोळा पाण्यावर तरंगत फिरतो आणि खाली आईबाप पहारा देतात. तेव्हा मरळीला गळ टाकणाऱ्याला मामा अख्ख्या गावासमोर सोलून काढायचे. "तुह्या लेकरांसमोर तुले कोणी उचलून नेलं तर?" असं विचारायचे, आणि समोरचा मिशीवाला गडी मान खाली घालायचा. त्या बांबूला ना सरकारचा कागद होता ना सोसायटीचा ठराव. तो मामांच्या शब्दावर उभा होता.

मरळ मोठी चिवट. पाणी संपलं तरी ओल्या चिखलात शिरून पाऊस येईपर्यंत तग धरते. त्यामुळे डोह आटला तरी आमचे वाडवडील घाबरले नाहीत. पण हे सगळं आधीचं. गेल्या काही वर्षांत ऊनच असं पडायला लागलं की चिखलालाही भेगा पडू लागल्या. एका वर्षी मामांनी भेगेत हात घातला आणि वाळून लाकूड झालेली मरळ बाहेर काढली. रागाने नाही, हळूच, निजलेलं पोर उचलावं तशी. त्या दिवशी ते जेवले नाहीत. संध्याकाळी पारावर बसून म्हणाले, "पयले नवतपा पाव्हणा होता. नऊ दिवस तापायचा अन् जायचा. आता घरजावई होऊन बसला." सगळे हसले. ते हसले नाहीत.

ते नुसते रडत बसणारे नव्हते, हेही सांगायला हवं. ढगाळ, कोंदट सकाळी मासे पाण्यावर तोंड काढून भकाभक हवा घेऊ लागले की मामा आम्हा सगळ्यांना पळसाच्या फांद्या घेऊन तलावात उतरवायचे आणि पाणी बडवायला लावायचे. "मारा, मारा, त्याले श्वास द्या!" आम्ही पोरंटोरं आणि बाया पाणी बडवून बडवून चिंब. जूनचा पाऊस जुलैत येतो हे सोसायटीत त्यांनीच सगळ्यांच्या आधी मान्य केलं आणि माशांचं बीज उशिरा सोडायला लावलं. म्हातारी माणसं म्हणाली, आजवर असं केलं नाही. मामा म्हणाले, "आजवर असं झालंही नाही."

आणि बोडीची कल्पनाही त्यांचीच. बोडी म्हणजे लहान तळं. आमच्या तलावाच्या वरच्या अंगाला एक पडीक बोडी होती, गाळाने भरलेली, बेशरमाच्या झुडपांनी झाकलेली. मामांचं म्हणणं असं की मोठा तलाव आता मार्चातच दगा देतो, तर लहान बोडी खोल करा, कडेला झाडं ठेवा, सावली राहील, पाणी टिकेल, त्यात रोहू-कतला वाढवा. सोसायटीतल्या पुरुषांना वेळ नव्हता. मग मामा सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "बायकांले द्या."

सभेत जो गलका झाला म्हणता! आमच्यात बाई झिंगे धरते, मासे विकते, जाळी शिवते, पण पाणी बाईच्या नावावर कधी नसतं. सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले, "बायका जाळं फेकतीन का आता?" मामा म्हणाले, "शिकवीन मी. तुमाले कोणं शिकवलं होतं? मीच." शेवटी ठरलं की बोडी आम्हाला दोन वर्षांसाठी. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत मासे काढून दाखवले तर बोडी कायमची बायकांच्या गटाच्या नावावर. नाहीतर परत सोसायटीकडे.

आम्ही अकरा जणी. सुमनकाकू आमची पुढारीण. काकू पन्नाशीची, तोंडाने फाटकी आणि कामाला वाघीण. माझा नवरा तेव्हा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला लागला होता आणि मला नागपूरला ये म्हणून मागे लागला होता. मी म्हटलं, दोन वर्षं थांबा, माझी बोडी आहे. "माझी बोडी" हे म्हणताना मला जे वाटायचं ते तुम्हाला सांगून कळणार नाही. माझ्या आईच्या, तिच्या आईच्या नावावर कधी ओंजळभर पाणी नव्हतं.

आम्ही हातांनी गाळ उपसला. मामा काठावर बसून शिव्या घालायचे आणि सुमनकाकू त्यांना दुप्पट घालायची. मामांनी मला जाळं फेकायला शिकवलं. पहिल्या वेळी जाळ्यासोबत मीच पाण्यात गेले, तर म्हणाले, "झकास. मोठी मासोळी सापडली." आणि कोपराची नाडीही त्यांनी मलाच शिकवली, स्वतःच्या मुलालासुद्धा नाही. मुलगा ट्रक चालवायचा, त्याला पाण्यात रस नव्हता. मामा माझा हात धरून पाण्यात बुडवायचे. "काय म्हणते?" मी म्हणायचे, गरम आहे. "गरम तं येड्यालेही समजते. चिडलं आहे का थकलं आहे, ते सांग." मला ते समजायला एक वर्ष लागलं. ज्या दिवशी मी म्हटलं, "मामा, थकलं आहे," त्या दिवशी त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले खर्रा लागला.

बोडीच्या पाळीखालून, म्हणजे बांधाखालून, पाणी सोडायला एक दगडी भोक आहे, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. त्यात लाकडी बूच ठोकलेलं असतं आणि त्यावर चिखल आणि भाताच्या तणसाचा लेप. दर आठवड्याला लेप पाहायचा, पाझरत असेल तर नवा द्यायचा. ते काम माझ्याकडे होतं. मी कधी चुकवलं नाही. तापातसुद्धा गेले आहे.

दुसऱ्या वर्षी पाऊस इतका उशिरा आला की बीज सोडायलाच श्रावण उजाडला. त्यामुळे मार्चात मासे वीतभरच होते. आम्ही म्हटलं, काढून टाकू, दाखवायला तेवढे पुरे. मामांनी कोपर बुडवलं आणि म्हणाले, "थांबा. सावली आहे, पाणी कंबरेएवढं आहे. मे अर्धा होऊ द्या, दीडपट होतीन." आम्ही थांबलो. त्यांनी सांगितलं होतं ना, मग पुढे प्रश्नच नव्हता. मे लागला. तिकडे मोठा तलाव पार आटून डोहावर आला होता, आणि डोहही परातीएवढा राहिला होता. मामा दिवसातून चारदा बांबूपाशी जाऊन बसायचे. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. आमच्या बोडीकडे मात्र ते फिरकेनात. मला वाटलं, डोहाच्या काळजीत आहेत.

मासे काढायचा दिवस ठरला, आणि त्याच्या तीन दिवस आधी सुमनकाकूच्या भाचीचं लग्न होतं, शेजारच्या गावी. आम्ही अकराही जणी गेलो. निघताना मी मामांना सांगितलं, "मामा, आजचा दिवस बोडी तुमच्यावर." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा वं, जा. बुंदी खाऊन या." मी सकाळीच लेप पाहून आले होते. घट्ट होता, बोटही रुतत नव्हतं.

संध्याकाळी लग्नाच्या साड्यांतच आम्ही परत आलो. पाळीवर चढलो. बोडीत पाणी नव्हतं. तळाशी चिखल, आणि चिखलात आमचे मासे, काही अजून तोंडं उघडत होते. मामा एकटेच आत, चिखलाने माखलेले, घमेल्यात मासे वेचत होते आणि शेजारच्या एका लहानशा डबक्यात नेऊन टाकत होते. त्या डबक्याचं पाणी तरी कुठे गार होतं! टाकलेले मासे उलटे होऊन वर येत होते. मामा तरीही वेचत होते.

"काय झालं मामा?" मी ओरडले.

त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "बूच निसटलं वं. उन्हानं लाकूड वाळून आकसलं अन् निसटलं."

आम्ही साड्या खोचून उतरलो. अंधार पडेपर्यंत वेचले. एकही वाचला नाही. मामा आमच्याबरोबर रडले, हे मी शपथेवर सांगते. सुमनकाकूनं त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, म्हणाली, मामा, तुम्हीही मराल, चला घरी.

मी तेव्हा काय विचार केला असेल? सांगते. मी रात्रभर विचार केला की माझ्या लेपात काय चुकलं. पाण्याखालचं लाकूड वाळत नाही. ते फुगतं, उलट घट्ट बसतं. ढिवराच्या पोरीला हे कळायला नको? पण मामा म्हणाले होते. मामा म्हणाले म्हणजे झालं. माझ्या डोळ्यांपेक्षा, माझ्या हातांपेक्षा, माझ्या बी. ए.पेक्षा मामांचा शब्द मला खरा वाटला.

आठ दिवसांनी सभा झाली. अध्यक्षांनी विचारलं, "वैदबुवा, कसं झालं?" मामा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "बूच निसटलं." "लेप कोणाकडे होता?" मामा गप्प. सुमनकाकू माझ्याकडे बघायला लागली. मीच उठून म्हटलं, माझ्याकडे. सभेत चाळीस माणसं, सगळी पाण्यातच जन्मलेली. एकालाही प्रश्न पडला नाही की पाण्याखालचं लाकूड वाळलं कसं. अध्यक्ष म्हणाले, "बायकांच्या हाती पाणी टिकत नाही, हे मी आधीच सांगतलं होतं." आणि बोडी परत गेली. वर्षभरात सोसायटीने ती एका ठेकेदाराला दिली, त्याने मुरूम काढायला खणली आणि नंतर बुजवून टाकली. आता तिथे ट्रॅक्टर उभे राहतात.

आमचा गटही मोडला. कोणी उघड बोललं नाही, पण विहिरीवर मी आले की बाया घागरी लवकर उचलायच्या. सुमनकाकू एकदाच म्हणाली, "तुह्यावर माहा राग नाही वं वनिता, पण पोटात जळते." तिचं खरंच होतं. मी नागपूरला नवऱ्याकडे गेले आणि बाजारात मासे घेऊन बसले. जायच्या आदल्या दिवशी मामांना भेटायला तलावावर गेले. ते जाळं घेऊन काठावर आले आणि न विचारता सरळ पाण्यात शिरले. चूळ नाही, कोपर नाही, "उतरू का" नाही. मला चमत्कारिक वाटलं. म्हातारे झाले, विसरले असतील, असं मनाशी म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी एसटी धरली.

दोन वर्षांनी एका सकाळी ते माझ्या दुकानासमोर उभे. बाजारात गर्दी, मी बर्फ फोडत होते. खांद्यावर ओलं पोतं. पोत्यात दोन मरळी, जिवंत, वळवळ करणाऱ्या. "डोहातल्या नाहीत," घाईने म्हणाले, "डोहातल्यांची पिल्लं. यंदा तलावभर झाली. तुह्यासाठी आणली."

मला इतका आनंद झाला! स्टूल दिलं, चहा मागवला. एक गिऱ्हाईक काकू तेवढ्यात मरळींवर नजर ठेवून उभ्या राहिल्या. नागपुरात गावरान मरळ दिसली की माणसं अशीच करतात. मी म्हटलं, "विकायच्या नाहीत काकू, माहेरहून आल्यात." मामांनी चहाचा कप हातात धरला, प्यायला नाही. म्हणाले, "तुह्याच पाण्यानं वाचल्या ह्या."

"माह्या पाण्यानं?"

"बूच मी काढलं होतं, वनिता."

बर्फ फोडायचा खिळा माझ्या हातात होता. मी तो खाली ठेवला, कारण मला स्वतःचीच भीती वाटली.

ते खाली मान घालून सांगत राहिले. डोहात टाचभर पाणी उरलं होतं. दोन दिवसांत चिखल तडकला असता आणि जुन्या मरळी संपल्या असत्या. त्यांना वाटलं, बोडीचं अर्धं पाणी पाटाने डोहात सोडू, बूच परत ठोकू. आयुष्यभर तुडूम हाताळलेला माणूस, पण धार इतक्या जोरात आली की बूच हातातून निसटून गेलं, आणि म्हातारा हात काही ते भोक बुजवू शकला नाही. अर्धं पाणी तर वाटेतल्या भेगांनीच पिऊन टाकलं. उरलेलं डोहात पोचलं. तेवढ्यावर पावसापर्यंत मरळी तगल्या.

"अन् सभेत?" मी विचारलं. "तिथं काहून नाही बोलले?"

"बोललो असतो तर बांबू काढला असता त्यांनी. ज्यानं सोसायटीचं पाणी चोरलं, त्याचा बांबू कोण मानते? डोह एका दिवसात साफ केला असता."

"म्हणून माह्यं नाव जाऊ दिलं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मामा, तुमी पाण्याले विचारत होते. आमाले काहून नाही विचारलं?"

त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. मग म्हणाले, "पाणी नाही म्हणलं तं मी परत येत होतो. तू नाही म्हणली असती, तं मले परत येता आलं नसतं. म्हणून नाही विचारलं."

आणि इथे मला रडू फुटलं. भर बाजारात, हात माशांनी बरबटलेले, डोळेही पुसता येईनात. "मी हो म्हटलं असतं मामा! अकराही जणींनी म्हटलं असतं. बादल्यांनी वाहिलं असतं आम्ही पाणी. मासे आधी काढले असते, मग सगळं पाणी तुमच्या डोहाले दिलं असतं. आम्ही ढिवर नाही का? डोह आमचा नव्हता का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना हे कधी सुचलंच नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. जाळं शिकवलं, नाडी शिकवली, सभेत माझ्यासाठी भांडले, आणि तरी मी हो म्हणू शकेन हे ह्या माणसाला सुचलं नव्हतं. बुचापेक्षा, सभेपेक्षा मला हेच जास्त लागलं.

मी त्या काकूंना हाक मारली. "घ्या काकू, मरळी विकायच्या आहेत." मामांच्या समोर तराजूत टाकल्या, त्यांच्या समोर कापल्या. माझी ही रीत चांगली नव्हती, मला ठाऊक आहे. मामा उठले, रिकामं पोतं घडी करून काखेत घेतलं आणि बसस्टँडकडे निघाले. कपातला चहा तसाच होता.

त्यानंतर आमचं बोलणं कधी झालं नाही. गेल्या मे महिन्यात ऐन दुपारी ते बांबूपाशी चक्कर येऊन पडले. मुलाने गाडीत घालून नागपूरला दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी पोचले तेव्हा त्यांना शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. ओल्या चादरी, पंखे, बर्फ, सगळं चाललं होतं. मी कपाळाला हात लावायला गेले आणि का कोण जाणे, हाताऐवजी कोपर टेकवलं. आटत्या तलावाचं पाणी असतं तसं ते कपाळ होतं. थकलेलं. मी बराच वेळ तशीच वाकून उभी राहिले. भांडण पूर्ण करायचं राहून गेलं म्हणून मी त्यांच्यावर तेव्हाही चिडलेच होते.

त्याच रात्री ते गेले. तेरवीला, म्हणजे तेराव्याला, मी गावी गेले. जेवणं उरकल्यावर अध्यक्षांनी सगळ्यांना बसवलं. म्हणाले, "वैदबुवा महिनाभर आधीच मले सांगून गेले होते. माह्या मागं डोहाचा बांबू वनितेकडे द्या. कोपराचं तिच्याइतकं कोणाले समजत नाही." लोकांनी माना डोलावल्या. सुमनकाकूनं माझा हात दाबला.

मी विचारलं, "आणखी काही म्हणाले? बोडीचं काही?"

"नाही. एवढंच."

सगळे माझ्याकडे बघत होते. बूच कोणी काढलं, हे त्या मांडवात मला एकटीला माहीत होतं. एक वाक्य बोलले असते तर माझं नाव धुऊन निघालं असतं, अकराही जणींचं निघालं असतं. आणि दुसऱ्या दिवशी डोहात जाळी पडली असती, कारण बांबू अजून त्याच माणसाच्या शब्दावर उभा होता. मे संपायचा होता. डोहात टाचभरच पाणी होतं. म्हाताऱ्याने हे सगळं मोजून ठेवलं होतं की काय, देव जाणे. मला मात्र याही वेळी त्याने विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "बरं."

आता दर रविवारी पहिल्या एसटीनं जाते. डोहाच्या काठावर बसते, चूळ भरते, कोपर बुडवते, उतरू का म्हणून विचारते. राग गेलेला नाही. पाळीवरून जाताना बाया आपल्या सुनांना हळू आवाजात सांगतात, हीच ती वनिता, हिच्या लेपापायी बोडी गेली, पण डोह चांगला सांभाळते हो बिचारी. मला सगळं ऐकू येतं. मी बांबू दोन्ही हातांनी धरून हलवून पाहते, आणि पक्का असला की परतीची एसटी धरते.